जमिनीची विश्रांती कुठे गेली?

फिरत्या शेतीचा विषय निघाला की ईशान्येतली झूम आठवते, भामरागडच्या माडिया लोकांची पेंदा आठवते, सह्याद्रीतली कुमरी आणि दळी आठवते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचे नाव या यादीत कोणी घेत नाही. इथे ना घनदाट जंगल, ना डोंगरउतार. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आज या तालुक्यांची ओळख आहे ती कालवा, ऊस आणि साखर कारखाना यांनी. मग इथे फिरत्या शेतीचा आढावा कशासाठी घ्यायचा?

कारण फिरत्या शेतीचे मर्म जंगल तोडण्यात नाही. जमिनीकडून दोन-तीन पिके घेतली की तिला मोकळे सोडायचे आणि ती पुन्हा भरून आल्यावरच तिच्याकडे परत जायचे, हा तिचा नियम. तो पठारावरही पाळला जात होता, फक्त त्याचे रूप वेगळे होते. बारामती-इंदापूरच्या गेल्या दोनशे वर्षांच्या शेतीकडे या नजरेने पाहिले, तर विश्रांतीची एकेक वाट कशी बंद होत गेली ते स्पष्ट दिसते.

डोंगरातली पद्धत आणि तिची बदनामी

आधी मूळ पद्धत समजून घेऊ. सह्याद्रीच्या उतारांवर, पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात आणि खाली कोकणात, महादेव कोळी, ठाकर, कातकरी ही माणसे झाडोरा तोडून वाळवत, उन्हाळ्यात जाळत आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत नाचणी, वरई, सावा पेरत. राखेतून पालाश आणि स्फुरद मिळे, जमिनीचा आंबटपणा कमी होई, तणाचे बी जळून जाई. दोन-तीन वर्षांत कस उतरला आणि तण वाढले की तो तुकडा सोडून पुढचा धरायचा. सोडलेल्या तुकड्यावर झुडपे वाढत, पाला पडे, मुळे खोलवरची अन्नद्रव्ये वर आणत.

मोकळीक पुरेशी लांब असेल तर ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालते. ती आखूड झाली की मात्र जमीन धुपते. ईशान्येत झुमेचे चक्र कधीकाळी पंधरा-वीस वर्षांचे होते. अनेक ठिकाणी ते चार-पाच वर्षांवर आले आणि तिथेच दुखणे सुरू झाले.

इंग्रजी वनखात्याने हा फरक पाहिला नाही. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनंतर जंगले राखीव झाली, कुमरीवर बंदी आणि बंधने आली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत काही कुटुंबांना दळीचे पट्टे आखून मिळाले, म्हणजे फिरत्या शेतीला एका जागी बांधून टाकले. त्या दळी जमिनींचे हक्क मिळावेत म्हणून रायगडातल्या कातकरी-ठाकर कुटुंबांना 2006 च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली. पठारावरच्या शेतकऱ्यालाही या कायद्यांची झळ बसली. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी वनखात्याने गुराढोरांची कुरणे काढून घेतल्याची तक्रार केली आहे आणि पाणी-माती शेतात मुरावी म्हणून ताली, बंधारे घालण्याचा आग्रह धरला आहे. कुरण गेले की शेणखत जाते आणि खत गेले की जमीन थकते, ही साखळी त्यांनी नीट ओळखली होती.

माणसे फिरत, शेत मोकळे राही

आता पठारावर येऊ. पुणे, सुपे, इंदापूर हा शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख. स्वाऱ्या आणि दुष्काळ यांनी तो अनेकदा ओसाड पडला आणि अनेकदा पुन्हा वसला. त्या काळी जमीन मुबलक होती, माणसे कमी होती. वतनाची जमीन कसणारा मिरासदार गावात पाय रोवून असे. उपरी मात्र आज या गावात, उद्या त्या गावात. पडीत रान लागवडीला आणायचे तर सरकार इस्ताव्याने कौल देई: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा वाढता, काही वर्षांनी पूर्ण. ज्या मिरासदाराचे कुळ गाव सोडून गेले त्याची जमीन गतकूळ म्हणून नोंदली जाई आणि पडून राही. पडून राहिलेल्या रानावर गवत वाढे, गुरे चरत. हे कोणी जमिनीच्या भल्यासाठी योजून केलेले नव्हते. दुष्काळ, कर आणि लढाया यांच्या रेट्यामुळे ते घडे. पण परिणाम असा होई, की गावातल्या जमिनीचा मोठा हिस्सा कुठल्याही एका वेळी पड असे.

हे चित्र बदलले ते इंदापुरात. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली साऱ्याची पहिली आकारणी इतकी जड झाली, की इंदापुरातली शेते ओस पडू लागली. तेव्हा 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी लागू केली. शेताला सर्व्हे नंबर, हद्दीला दगड, आणि साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी कायम. मुंबई इलाख्याची रयतवारी पाहणी-आकारणी जी पुढे सर्वत्र गेली, तिची सुरुवात ही. दर हलके असल्याने ओस रान भराभर लागवडीखाली आले आणि लोकांना दिलासा मिळाला, हे खरेच. पण यापुढे सारा शेतावर बसला, पिकावर नव्हे. नंबर आपल्या नावावर ठेवून तो पड सोडला तरी सारा भरायचाच. त्यामुळे विश्रांतीला किंमत मोजावी लागू लागली.

मुदत संपताच 1867 साली फेरआकारणीही इंदापुरापासूनच सुरू झाली आणि सारा वाढला. त्यात कापसाचे भाव उतरले, सावकाराचे व्याज चढले. 12 मे 1875 रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दख्खनच्या दंग्याला तोंड फुटले. या उठावाची चर्चा नेहमी कर्जाच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. मात्र जमीन गहाण पडलेला, दरवर्षी रोख सारा भरणारा माणूस आपले रान मोकळे ठेवू शकत नाही, ही बाजूही त्यात आहे.

अर्ध्या वर्षाची पड

तरीही जिरायत शेतीने विश्रांतीची आपली सोय करून ठेवली होती. सुपे, मोरगाव, लोणी भापकर या पट्ट्यात किंवा इंदापूरच्या कोरडवाहू गावांत जुन्या माणसांना ती आजही पाठ आहे. हलक्या, मुरमाड रानात खरिपाची बाजरी आणि तिच्यात तूर, मटकी, हुलगा. भारी काळ्या रानात खरिपाचे पीकच घ्यायचे नाही. जून ते सप्टेंबर ते रान पड ठेवायचे, पाऊस पडून वाफसा आला की कुळवाची पाळी घालायची, तण मारायचे, पाणी मुरवायचे. मग उत्तरा नक्षत्राच्या पावसावर शाळू पेरायचा, त्यात करडईच्या ओळी धरायच्या, जोडीला हरभरा. एका वर्षी ज्वारी तर पुढे कडधान्य, असा फेरपालट.

ही अर्ध्या वर्षाची पड म्हणजे कुमरीतल्या लांब विश्रांतीचेच कोरडवाहू रूप. डोंगरात विश्रांतीने कस साठे, इथे मुख्यतः ओल साठे. 1933 पासून सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात जे काम झाले, बांधबंदिस्ती, खोल नांगरट, पेरणीतले वाढीव अंतर, त्याचा पाया शेतकऱ्यांच्या या जुन्या रीतीतच होता. मालदांडी ज्वारी आजही टिकून आहे ती याच साठवलेल्या ओलीच्या भरवशावर.

मेंढरांच्या पायांनी फिरणारा कस

पठारावर झाडोरा नव्हता, म्हणून राखही नव्हती. तिची जागा लेंडीखताने घेतली आणि ते खत फिरते ठेवले धनगरांनी. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस हा हटकर धनगरांचा मुलूख. पाऊसकाळ गावाजवळच्या माळावर काढायचा, दसरा-दिवाळी झाली की वाडा हलवायचा. घोडी, कुत्री, बिऱ्हाड आणि कळप घेऊन कोणी घाट उतरून कोकणात, कोणी मावळाकडे, कोणी नदीकाठच्या बागायतीत. वाटेत शेतकरी आपल्या रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेई. रात्रभर कळप बसला की लेंडी आणि मूत थेट मातीत जाई. मोबदला धान्यात मिळे, पुढे पैशांत मिळू लागला. मृगाच्या सुमारास वाडे परत फिरत.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या अभ्यासातून या फिरत्या जगाची नोंद करून ठेवली आहे. त्यातला शेतीशास्त्राचा धागाही तितकाच मोलाचा. मेंढरू माळावरचे, बांधावरचे, पडीत रानातले गवत खाते आणि त्याचे सत्त्व पिकाच्या शेतात आणून टाकते. कुमरीत शेतकरी कसाच्या शोधात जमीन बदलतो. इथे शेत जागेवर राहते आणि कस चालत त्याच्याकडे येतो.

यासाठी तीन गोष्टी लागत: मोकळे माळ, पिकांमधली रिकामी मुदत आणि चालायला वाट. तिन्ही कमी होत गेल्या. गायराने आक्रसली, माळावर वनखात्याची रोपवने आली, तारेची कुंपणे आली. बारमाही उसात कळप बसवायला रिकामे रानच उरले नाही. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, आणि इंदापुरातले कडबनवाडीचे गवताळ रान इथे चिंकारा अजून दिसतो. जिथे माळ टिकला तिथेच तोही टिकला. माळाला सरकारी कागदात पडीक म्हणणे किती चुकीचे आहे याचा तो चालताबोलता पुरावा.

सासवडचे माळी: कालव्यावरची फिरती शेती

1876–78 च्या दुष्काळानंतर दुष्काळी कामांच्या धोरणातून नीरा डावा कालवा आकाराला आला आणि 1885 साली तो सुरू झाला. वीरच्या बंधाऱ्यापासून निघून बारामती तालुक्यातून तो इंदापूरपर्यंत जातो. भाटघरच्या साठ्याचा त्याला आधार; 1928 च्या सुमारास तिथे मोठे धरण उभे राहिल्यावर पाणी आणखी वाढले. सरकारचा हेतू दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवण्याचा होता. पाण्याने वाट धरली उसाची.

त्या वाटेने पुढे गेले सासवडचे माळी. विहिरीवरच्या बागायतीत हात बसलेली ही माणसे आधी मुठा कालव्यावर, मग नीरा कालव्यावर आणि पुढे गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर कोपरगाव-बेलापूरकडे गेली. स्थानिक शेतकऱ्याकडून जमीन खंडाने घ्यायची, भरपूर खत आणि पेंड घालून ऊस करायचा, गुऱ्हाळ लावायचे, गूळ पुण्याच्या बाजारात न्यायचा. उसासाठी ते ताजे रान पसंत करत. एकाच तुकड्यावर पाठोपाठ ऊस घेत नसत. जमीन बिघडू लागली किंवा दुसरीकडे नवे पाणी आले की बिऱ्हाड हलवत. बारामतीच्या शेतकऱ्यांनी उसाचे तंत्र बरेचसे त्यांच्याकडूनच उचलले, हे मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवूड यांनी माळेगाव परिसराच्या अभ्यासात सविस्तर मांडले आहे. 1932 मध्ये या माळ्यांनी माळशिरस तालुक्यात सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली आणि त्यांचे फिरणे माळीनगरला येऊन थांबले.

फिरत्या शेतीच्या कोणत्याही ग्रंथात माळ्यांच्या या उसाची गणना होत नाही. माझ्या मते व्हायला हवी. जमीन थकण्याआधी ती सोडणे आणि नव्या जमिनीकडे जाणे, हे मूळ तत्त्व त्यात आहे. फरक एवढाच, की कुमरीवाला सोडलेल्या जमिनीकडे परत येतो आणि ती भरलेली असते. कालव्यावरची सोडलेली जमीन बहुधा दुसऱ्या कोणाच्या हाती पाणी पीतच राहते.

मीठ फुटले

त्याचा परिणाम लवकर दिसला. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली नव्हती तोच पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर अभ्यास करावा लागला. तो 1910 साली प्रसिद्ध झाला. कारण साधे आहे. खोल काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मंद होतो. वरून सतत पाणी दिले की भूजल वर येते, ते वाफ होऊन उडते आणि विरघळलेले क्षार पृष्ठभागावर राहतात. आधी रान पाणथळ होते, मग पांढरे फुटते. त्यात सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते.

हे टाळायचे उपाय तेव्हाही ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आखली: पाणी ठरावीक क्षेत्रालाच, आणि त्यातल्या ठरावीक हिश्शातच ऊस, तोही आळीपाळीने, उरलेल्या रानात हंगामी पिके. म्हणजे सरकारी नियमाने बांधलेली विश्रांतीच. पुढे ऊस वाढत गेला तसा हा आळीपाळीचा शिरस्ता सैल झाला. 1930 च्या दशकात इंदापुरात कळंबजवळ वालचंदनगर उभे राहिले. 1950 आणि 60 च्या दशकांत माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने आले. कारखान्याचा गाळप हंगाम ठरलेला आणि भूक मोठी. लागण, खोडवा, निडवा, पुन्हा लागण: रान वर्षानुवर्षे उसाखालीच राहू लागले.

या ऊसशेतीने या भागाला काय दिले ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शाळा, दवाखाने, पक्की घरे, दुष्काळात गाव न सोडण्याचे बळ, हे सगळे त्याच पाण्याने दिले. जुन्या पडीच्या काळात माणसे उपाशी मरत होती. 1876 चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीने कालव्याला देव मानले असेल तर त्यात नवल नाही. माझा आक्षेप उसाला नाही, विश्रांती नसलेल्या उसाला आहे.

कुमरीतली एक गोष्ट मात्र उसाने नेमकी उचलली, ती म्हणजे आग. तोडणी झाली की पाचट पेटवून देण्याची सवय अजून पुरती मोडलेली नाही. डोंगरातल्या आगीमागे अनेक वर्षांचा वाढलेला झाडोरा आणि पुढे अनेक वर्षांची मोकळीक असते. उसाच्या फडात दरवर्षी आग आणि विश्रांती एकही दिवस नाही. पाचटातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून जातो आणि आधीच थकलेली जमीन आणखी उघडी पडते.

पाण्यामागे चालणारी शेती

फिरत्या शेतीचे एक रूप मात्र इंदापुरात आजही जिवंत आहे. 1980 मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतली कित्येक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की आजही उघडे पडते. पावसाळ्यानंतर जलाशय भरतो, हिवाळा सरताना उतरू लागतो आणि मागे गाळाची ओली, सुपीक जमीन सोडतो. तिथे गाळपेर होते: मका, कडवळ, हरभरा, भाजीपाला. पाणी जसे मागे हटते तसा शेतकरी पुढे सरकतो. पावसाळा आला की सगळे सोडून वर यायचे. जमीन पुन्हा पाण्याखाली आणि नव्या गाळाने भरून निघते.

दरवर्षी सक्तीने घडणारी ही विश्रांती या शेतीचे बळ आहे. 2018–19 सारख्या दुष्काळात सरकारने चाऱ्यासाठी गाळपेर जमिनी नाममात्र दराने दिल्या त्या उगाच नव्हेत. ज्यांची शेते बुडाली त्यांचा या जमिनीवर पहिला नैतिक हक्क आहे. अडचणीही खऱ्या आहेत. पट्टा एका हंगामापुरता, पाण्याच्या पातळीचा भरवसा नाही, पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून याच जलाशयात येते. शिवाय इथे टाकलेले खत-औषध पावसाळ्यात सरळ पाण्यात मिसळते. भिगवण-कुंभारगावच्या मासेमारांना आणि रोहित पक्ष्यांना त्याची झळ बसते. गाळपेर विषमुक्तच असली पाहिजे, ही अट पट्ट्यात घालणे अवघड नाही.

मग करायचे काय?

जमीन वाटली गेली, हद्दी पक्क्या झाल्या, लोकसंख्या वाढली. आता शेतकरी फिरू शकत नाही. पीक फिरवता येते, जनावर फिरवता येते आणि पाणी थांबवता येते. त्यासाठी लागणारे ज्ञान याच परिसरात आहे. माळेगाव खुर्दला 2009 पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था काम करते. पाचट न जाळता खोडवा सांभाळण्याचे यंत्र तिने तयार केले आहे. नीरेच्या काठच्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राने खारवट जमिनीतही तग धरणारी फुले 265 सारखी जात दिली. 1971 मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या ॲग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने पाझर तलावांपासून ठिबकपर्यंत आणि आता उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत मजल मारली. ही साधने पाणी आणि खत नक्की वाचवतात. विश्रांतीची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत. वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर जमीन आहे तिथेच राहते.

म्हणून माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. बारामती-इंदापूरच्या जमिनीचा खरा तुटवडा विश्रांतीचा आहे, आणि तो प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या बांधाच्या आत, कारखान्याने आपल्या नोंदीच्या वहीत आणि सरकारने आपल्या पाणीपाळीत भरून काढायचा आहे. एक खोडवा झाला की ऊस मोडावा आणि त्या रानात एक हंगाम ताग किंवा धैंचा गाडावा, मग हरभरा किंवा शाळू घ्यावा. पाचट जाळू नये. चोपण रानात आधी निचऱ्याचे चर काढावेत, मग जिप्सम टाकावे. रिकाम्या रानात मेंढरं बसवावीत आणि धनगरांच्या वाटा व माळ मोकळे ठेवावेत. कारखान्यांनी फेरपालट करणाऱ्या सभासदाची उसाची नोंद मागे ढकलू नये, उलट त्याला पुढच्या लागणीत प्राधान्य द्यावे. पाटबंधारे खात्याने ब्लॉक पद्धतीतला आळीपाळीचा नियम नव्या रूपात परत आणावा. जानाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांचे पाणी नव्याने पोहोचणाऱ्या जिरायत गावांनी तर हे पहिल्या दिवसापासून पाळावे, कारण बिघडलेले रान दुरुस्त करण्याचा खर्च ते राखण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. या वर्षी आपल्या शेताचा निदान एक तुकडा निवडा आणि त्याला एक हंगाम उसातून मोकळा करा.